कंपन मोजणाऱ्या उपकरणांची निगा आणि तपासणी



वार्षिक अहवालाच्या खर्चाच्या बाजूला ‘उपकरणे दुरुस्ती व कॅलिब्रेशन’ असे एक कलम असते. रक्कम टर्बाईनच्या किंवा बॉयलरच्या दुरुस्तीपुढे किरकोळच, पण सभेत ते कलम हमखास कोणाच्या तरी नजरेत भरते. “भाऊ, यंत्र मोजाले एक यंत्र, अन् त्या यंत्राले तपासाले आनखी एक यंत्र! हे कुठवर चालनार?” हा प्रश्न गैर नाही. पैसा भागधारकांचा आहे आणि विचारण्याचा हक्कही त्यांचाच. म्हणून या अंकात त्या कलमातल्या एकाच जातीच्या उपकरणांची, म्हणजे यंत्राची थरथर मोजणाऱ्या सेन्सरची माहिती घेऊ.

आधी आपल्या रोजच्या ओळखीचे उदाहरण. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का नसेल तर आपल्यापैकी एकजण तरी आपली गाडी काट्यावर चढवील काय? काटा चालू आहे, आकडा दाखवतो आहे, एवढ्यावर कोणाचे समाधान होत नाही. प्रमाणित वजने ठेवून, काट्याच्या चारही कोपऱ्यांवर आणि निरनिराळ्या भारांवर तो खरा उतरतो काय हे पाहिल्यावरच शिक्का बसतो, आणि तोही दरवर्षी नव्याने. काटा चुकला तर नुकसान कोणाचे, हे आपल्याला न सांगता समजते. कंपनमापक हासुद्धा एक काटाच आहे. फरक एवढाच की तो उसाचे नव्हे, यंत्राच्या दुखण्याचे वजन करतो. आणि तो चुकला तर गाडीमागे चार-दोन किलोची खोट न येता सगळा कारखानाच एका रात्रीत थांबतो.

थांबला म्हणजे काय होते? रोज २,५०० टन गाळणारा कारखाना एक तास बंद राहिला की सुमारे १०४ टन ऊस मागे पडतो. टर्बाईनचे बेअरिंग वितळले तर बंद तासांत मोजत नाहीत, दिवसांत मोजतात. तोडलेला ऊस तोवर फडात आणि गव्हाणीपुढच्या गाड्यांत वाळतो, त्याचे वजन घटते, साखर उतरते. पश्चिम महाराष्ट्रात एक कारखाना बंद पडला तर ऊस शेजारच्या कारखान्याकडे वळवता येतो. आपल्या वऱ्हाडात कापूस, सोयाबीन आणि संत्रा यांच्या मानाने ऊस थोडा व कारखाने त्याहून थोडे, त्यामुळे ती सोय जवळपास नाहीच म्हणा.

यंत्र थरथरते ते का? फिरणाऱ्या भागाचे वजन मध्याभोवती सारखे वाटलेले नसेल तर प्रत्येक फेऱ्याला तो भाग बेअरिंगला एक हिसका देतो. फायब्रायझरचेच पाहा. त्याचे जड हातोडे उसाची चाळण करतात आणि झिजतात. एका बाजूचा हातोडा तुटला किंवा नवा बसवताना समोरच्या हातोड्याइतक्या वजनाचा घेतला नाही, की सगळा रोटर झोके खाऊ लागतो. बॉयलरच्या आयडी पंख्याच्या पात्यांवर बगॅसची राख बसते, कुठे पाते खरवडले जाते, तिथेही तोच प्रकार. याखेरीज दोन शाफ्ट एका रेषेत नसणे, पायाचे बोल्ट ढिले होणे, बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडणे ही कारणे आहेतच. विहिरीवरची मोटर बसवताना कपलिंग जरा तिरपे राहिले तर महिन्याभरात काय होते हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल.

अकोला-अमरावतीच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये जुना फिटर स्क्रू-ड्रायव्हरचे टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाशी धरी आणि आवाजावरून दुखणे सांगे. ती विद्या खरी होती आणि आजही तिला किंमत आहे. पण कान रात्रपाळीला दमतो, फिटर सुटीवर जातो, आणि काल किती आवाज होता हे कान आकड्यात लिहून ठेवू शकत नाही. शिवाय मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या टर्बाईनजवळ बिघाड कानाला कळेपर्यंत बहुधा वेळ गेलेली असते.

ते काम सेन्सर करतो. त्याच्या दोन जाती आपल्या उपयोगाच्या. पहिली बेअरिंगच्या घरावर बाहेरून बसते. तिच्या पोटात एक स्फटिक असतो; दाब पडला की त्यावर विद्युतभार उमटतो. हा गुण प्येअर व जॅक क्युरी या फ्रेंच बंधूंनी १८८० साली दाखवून दिला. दुसरी जात टर्बाईनच्या पांढऱ्या धातूच्या बेअरिंगसाठी. ती शाफ्टला शिवतही नाही; सुमारे सव्वा मिलिमीटर अंतरावरून शाफ्ट किती जवळ येतो, किती दूर जातो हे विजेच्या भोवऱ्यावरून ओळखते. बाळापूर तालुक्यातल्या पारस येथे २५० मेगावॉटचे जे दोन संच आहेत तसल्या मोठ्या टर्बाईनवर, आणि आपल्या छोट्या टर्बाईनवर, तत्त्व हेच. मिलच्या रोलरवर मात्र साधा कंपनमापक निरुपयोगी. मिनिटाला चार-पाच फेरे ही त्याच्या दृष्टीने जवळजवळ स्तब्धताच आहे. तिथे बेअरिंगची उष्णता आणि तेल पाहावे.

आता आकडा. घरावरच्या सेन्सरचे मोजमाप मिलिमीटर प्रति सेकंद असे असते. ३०० किलोवॅटच्या वरचे, पक्क्या पायावरचे यंत्र असेल तर आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे २.३ पर्यंत नव्यासारखे, ४.५ पर्यंत दीर्घकाळ चालवण्याजोगे, त्यापुढे ७.१ पर्यंत थोडेच दिवस आणि लक्ष ठेवून, आणि ७.१ च्या वर धोक्याचे समजतात. परंतु नुसत्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची. वर्षभर ३.८ दाखवणारा पंखा मला भीती घालत नाही, महिन्यात १.२ वरून ३ वर गेलेला घालतो.

हे सगळे तेव्हाच खरे, जेव्हा सेन्सर खरे बोलतो. आणि तो दोन तऱ्हांनी खोटे बोलतो.

पहिली तऱ्हा ठळक आहे. उंदराने केबल कुरतडली, उसाचा रस किंवा वाफ कनेक्टरमध्ये शिरली, की पडद्यावर शून्य येते. नवखा ऑपरेटर म्हणतो, “मशीन एकदम शांत हाय साहेब.” चालते यंत्र कधीच शून्य नसते! यासाठीच ४ ते २० मिलिअँपियरची पद्धत पडली: कंपन शून्य असले तरी तारेतून ४ मिलिअँपियर वाहायलाच पाहिजेत; ४ च्या खाली गेले म्हणजे तार तुटली किंवा उपकरण मेले. स्फटिकाच्या सेन्सरला २४ व्होल्ट पुरवठा असेल तर त्याच्या तारांवर साधारण १० ते १२ व्होल्ट स्थिर दिसावेत. शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटल्या, पूर्ण २४ दिसले तर वाट मध्येच तुटली. ही तपासणी साध्या मल्टिमीटरने पाच मिनिटांत होते, तिला बाहेरची प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरी तऱ्हा चोरपावलाची. उष्णतेने, आपटण्याने आणि वयाने स्फटिकाची जाण कमी होते, आणि आकडा दिसत राहतो पण लहान दिसतो. हिशेब करून पाहा. सर्वसाधारण सेन्सर एका ‘जी’ला, म्हणजे ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग एवढ्या प्रवेगाला, १०० मिलिव्होल्ट देतो. १० मीटरच्या प्रवेगाला त्याने १०२ मिलिव्होल्ट द्यायला पाहिजेत. तो ९२ च देत असेल तर दहा टक्के कमी बोलतो. अशा स्थितीत यंत्राचे खरे कंपन ७.१ झाले तरी पडदा ६.४ दाखवील, आणि ७.१ वर लावलेला बंद पाडणारा खटका खऱ्या ७.९ ला पडेल. ही चूक मल्टिमीटरला सापडत नाही. इथेच कॅलिब्रेशन लागते.

त्याची रीत काट्यासारखीच आहे. एका छोट्या कंपनयंत्रावर प्रमाणित सेन्सर आणि आपला सेन्सर पाठीला पाठ लावून बसवतात, दोघांना एकच हेलकावा देतात आणि आपला किती मागे-पुढे आहे ते पाहतात. हातात धरण्याचे जे कंपनयंत्र मिळते ते सेकंदाला १५९.२ हेलकाव्यांवर लावलेले असते. हा विचित्र आकडा कशाला? तर त्या गतीला १० मीटर प्रवेग, १० मिलिमीटर वेग आणि १० मायक्रॉन विस्थापन हे तिन्ही एकदमच येतात. गणित करावे लागत नाही. हंगामात जागेवर तपासायला हे पुरे. पण काटा जसा एका कोपऱ्यावर खरा उतरून भागत नाही, तसा सेन्सरही एकाच गतीला खरा असून चालत नाही. आपला पंखा मिनिटाला १,००० फेरे, म्हणजे सेकंदाला १७ सुद्धा नाहीत. म्हणून बंद काळात प्रयोगशाळेत कमी-जास्त अनेक गतींवर तपासणी करून घ्यावी. शाफ्टजवळचा सेन्सर मात्र मायक्रोमीटरवर तपासतात: अंतर पाव मिलिमीटरने वाढवले की व्होल्टेज सुमारे १.९७ ने बदलले पाहिजे. तपासताना समोरचा तुकडा शाफ्टच्याच पोलादाचा हवा, आणि सेन्सर, जोडकेबल व पेटी हे त्रिकूट एकाच मापाचे. भांडारात मिळाली ती केबल जोडली, असे इथे चालत नाही.

प्रमाणपत्र आले की ते फाईलला लावून मोकळे होण्याची वाईट सवय सगळीकडेच आहे. त्यात सेन्सरचा क्रमांक आपल्याच सेन्सरचा आहे काय, कोणत्या गतीला किती फरक निघाला, मोजमापाची अनिश्चितता किती, आणि प्रयोगशाळेचा प्रमाणित सेन्सर पायरीपायरीने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या किंवा तत्सम मानकापर्यंत पोहोचतो काय, हे वाचायचे असते. नुसते ‘तपासले, ठीक आहे’ असे लिहिलेला कागद म्हणजे शिक्क्याशिवायचे वजन.

निगा म्हणाल तर ती घरचीच आहे, पण तिच्यातच जास्त चुका होतात. सेन्सरखालची जागा सपाट, रंग खरवडलेली हवी; आट्यांवर नीट कसून बसवावा, पण ताकद दाखवून पिळू नये. रंगाच्या थरावर चुंबकाने चिकटवलेला सेन्सर बेअरिंगच्या गोळीचे बारीक दुखणे टिपतच नाही. केबल लोंबकळू देऊ नये, वाफेच्या नळीला बांधू नये. केबलच्या जाळीचे अर्थिंग एकाच टोकाला करावे, दोन्हीकडे केले तर नसलेले कंपन दिसू लागते. वेल्डिंगच्या वेळी अर्थिंगची पट्टी कामाशेजारीच लावावी आणि जवळचा सेन्सर आधी सोडवावा, नाहीतर तो प्रवाह सेन्सरमधून आणि बेअरिंगमधूनही वाट काढतो. हंगाम संपल्यावर धुलाई होते तेव्हा जेटचा मारा कनेक्टरवर नको. आणि उंदीर! बंद काळात केबलच्या वाटा बुजवल्या नाहीत तर बाकी सगळी निगा पाण्यात.

आता जरा अवघड विषय. ऐन हंगामात सेन्सर खोटा गजर देऊ लागतो, मिल दोनदा उगाच बंद पडते, गाड्यांची रांग वाढते, गाडीवान ओरडतात. अशा वेळी खटक्याच्या दोन तारा जोडून तो निकामी करण्याचा मोह होतो. तात्पुरता म्हणून लावलेला तो जंपर हंगामभर तसाच राहतो. दोष ऑपरेटरला देऊन भागणार नाही. सेन्सर वेळेवर न तपासल्याने खोटे गजर वाढतात, आणि खोट्या गजरांनीच खऱ्या गजरावरचा विश्वास उडतो.

रशियात येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया हे प्रचंड जलविद्युत केंद्र आहे. १७ ऑगस्ट २००९ रोजी सकाळी तिथल्या दुसऱ्या क्रमांकाच्या टर्बाईनचे झाकण बोल्ट तुटून उडाले, पाणी यंत्रघरात घुसले आणि ७५ माणसे मेली. चौकशीत दिसले ते असे: बेअरिंगपाशी कंपनाची मर्यादा ०.१६ मिलिमीटर होती आणि अपघाताच्या क्षणी ते ०.८४ पर्यंत गेलेले होते. म्हणजे पाचपट. झाकणाचे बोल्ट दीर्घकाळच्या थरथरीने थकून गेले होते. मर्यादेबाहेरचे कंपन आधीपासून नोंदले जात असूनही यंत्र थांबवले गेले नव्हते. आपला कारखाना त्यापुढे लहान, पण टर्बाईन हॉलमध्ये आपल्याच गावची पोरे पाळीला उभी असतात.

म्हणून जंपर लावायचाच झाला तर कोणाच्या सहीने, किती वाजता, किती तासांसाठी, आणि तोवर हातातल्या मापकाने दर तासाला कोण नोंद घेणार, हे नोंदवहीत लिहिल्याशिवाय लावू नये. सभेत विचारायचेच असेल तर सभासदांनी कॅलिब्रेशनच्या रकमेबरोबर या वहीबद्दलही विचारावे. किती सेन्सर आहेत, त्यांतले किती तपासले, किती नापास निघाले, मागल्या हंगामात खटके किती वेळा आणि किती तास निकामी ठेवले. एकही सेन्सर कधीच नापास होत नसेल तर तपासणी खरोखर होते काय, अशी शंका घ्यायला जागा आहे.

कामाचा काळ म्हणाल तर गाळप संपल्यावर लगेच सेन्सर उतरवून क्रमांकाच्या चिठ्ठ्या लावाव्यात आणि पावसाळ्याआधी प्रयोगशाळेकडे धाडावेत. मिल रोलर पूजनाच्या सुमारास पाठवले तर सगळ्याच कारखान्यांची गर्दी होते. बॉयलर अग्निप्रदीपनापूर्वी ते बसवून खटका खरोखर पडतो काय हे एकदा पाडूनच पाहावे. पुढे मोळी टाकल्यावर गाळप पूर्ण भाराने स्थिर झाले, की पहिल्या आठवड्यातले प्रत्येक बेअरिंगचे आकडे तारखेसह वहीच्या पहिल्या पानावर लिहावेत. हंगामभर तुलना करायची ती याच पानाशी.