नाव कुठे आहे आणि नावेचं तोंड कुठे आहे?



परिसर अभ्यासातला दिशा आणि नकाशा हा घटक मुलं एका तासात पाठ करतात. नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण. मग मैदानावर नेऊन विचारा, "आता उत्तर कुठे?" दोन-चार मुलं तरी थेट आभाळाकडे बोट दाखवतात. वर म्हणजे उत्तर, हे त्यांनी अगदी मनापासून ऐकलेलं असतं!

हा गोंधळ दूर करायला मला सर्वांत उपयोगी पडलेलं उदाहरण आहे मासेमारी नावेवरच्या रडार आणि जीपीएसच्या जोडणीचं. सोलापूरच्या शाळेत समुद्रातली नाव कशाला, असं वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात उजनी आहे, तिथे माणसं रोज नावेने ये-जा करतात. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे.

आधी दोन यंत्रं समजून घेऊ. जीपीएस फक्त ऐकतं. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांकडून वेळेचे संदेश येतात. कोणता संदेश किती उशिरा पोहोचला यावरून यंत्र आपली जागा काढतं. त्यासाठी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. (आपल्या देशाची नाविक प्रणालीही याच तत्त्वावर चालते, हे मुलांना जरूर सांगा. त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.) रडार मात्र स्वतः हाक मारतं आणि प्रतिध्वनीची वाट बघतं. रेडिओ लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. एक किलोमीटरवरच्या जहाजावर आपटून परत यायला तिला सुमारे 6.7 मायक्रोसेकंद लागतात. गोल घुमटात किंवा आडव्या दांड्यासारख्या पेटीत असलेला अँटेना फिरत असतो. तो कोणत्या बाजूला असताना प्रतिध्वनी आला यावरून दिशा कळते, किती वेळाने आला यावरून अंतर. ही कल्पना नवी नाही बरं का. जर्मनीत ख्रिश्चन हुल्समायर यांनी 1904 मध्येच रेडिओ लहरींनी जहाज ओळखून दाखवलं होतं.

म्हणजे जीपीएस सांगतं, मी कुठे आहे. रडार सांगतं, माझ्या आजूबाजूला काय आहे. आता दोन्ही एकाच पडद्यावर आणायचं, नकाशावर रडारचं चित्र पसरायचं, की झालं काम. असं आपल्याला वाटतं, आणि इथेच खरी गंमत आहे.

रडारच्या चित्रात वरची बाजू म्हणजे नावेचं तोंड. नकाशात वरची बाजू म्हणजे उत्तर. रडार म्हणतं, "उजव्या हाताला दोन किलोमीटरवर काहीतरी आहे." पण नावेचं तोंड पश्चिमेला असेल तर उजवा हात उत्तरेला जातो, आणि तोंड दक्षिणेला असेल तर पश्चिमेला. तोंड कुठे आहे ते ना रडारला माहीत, ना जीपीएसला. त्यासाठी तिसरं यंत्र लागतं, होकायंत्र. त्याचं इलेक्ट्रॉनिक रूप नावेवर बसवतात.

"पण बाई, मोबाईलचा नकाशा दाखवतो की आपण कुठल्या दिशेला चाललोय!" हा प्रश्न पाचवीतला मुलगा हमखास विचारतो, आणि तो रास्त आहे. जीपीएस मागची जागा आणि आताची जागा बघून चालण्याची दिशा काढतं. पण नाव नांगर टाकून उभी असेल तर जागाच बदलत नाही. मग ती दिशा भरकटते, कधी पूर्व तर कधी नैर्ऋत्य दाखवते. चालत्या नावेतही चालण्याची दिशा आणि तोंडाची दिशा एकच असेल असं नाही. वारा आडवा असेल तर तोंड उत्तरेला ठेवून नाव ईशान्येला सरकत असते. मुलांना हे खेकड्याच्या चालीवरून पटकन कळतं.

आता कृती. मैदानाच्या मधोमध एक खुर्ची ठेवा, ती नाव. तीवर एक मूल बसवा, ते रडार. थोड्या अंतरावर बादली, झाडू, दप्तर ठेवा. खुर्चीवरचं मूल फक्त एवढंच बोलेल: "उजवीकडे दहा पावलांवर बादली." दुसरं मूल व्हरांड्यात, मैदानाकडे पाठ करून, आलेखाचा कागद घेऊन बसेल. त्याला खुर्चीची जागा माहीत आहे, ते जीपीएस. त्याने कागदावर बादली काढायची. ते अडेल. अडू द्या, लगेच सांगू नका. थोड्या वेळाने कोणीतरी ओरडेल, "खुर्चीचं तोंड कुठंय ते विचार की!" तोच आपला पाठ. मग खुर्ची थोडी फिरवा आणि पुन्हा सगळं करा.

सहावी-सातवीच्या मुलांना चुकीचा हिशोबही घालता येतो. होकायंत्र फक्त 5 अंशांनी चुकलं तर एक किलोमीटरवरची वस्तू पडद्यावर सुमारे 87 मीटर बाजूला दिसते, पाच किलोमीटरवरची जवळजवळ 436 मीटर. अंधारात, धुक्यात हा फरक म्हणजे खडक डावीकडे की उजवीकडे, एवढा मोठा. म्हणून हे होकायंत्र लोखंडापासून, इंजिनापासून आणि स्पीकरच्या चुंबकापासून लांब बसवतात. वर्गात साध्या होकायंत्राजवळ स्पीकर नेऊन दाखवा, पुढे काही बोलावं लागत नाही.

ही यंत्रं एकमेकांशी बोलतात कशी? जुनी आणि अजूनही चालणारी पद्धत म्हणजे एन.एम.ई.ए. 0183. जीपीएस एक ओळ पाठवतं, तीत वेळ, अक्षांश, रेखांश, वेग असं सगळं स्वल्पविराम देऊन लिहिलेलं असतं. एक तार, बोलणारा एकच, ऐकणारे अनेक. आपल्या वर्गातल्या प्रकट वाचनासारखं. वेग सेकंदाला 4800 बिट, म्हणजे साधारण 480 अक्षरं. ओळ जास्तीत जास्त 82 अक्षरांची, म्हणजे पूर्ण लांबीच्या सेकंदाला जेमतेम पाच ओळी. जागा कळवायला ते पुरतं. पण लाटेवर डोलणाऱ्या नावेचं तोंड सेकंदात कितीदा तरी हलतं, म्हणून रडारला दिशा सेकंदाला दहा वेळा तरी मिळावी लागते. तिथे जास्त वेगाची तार लागते. एन.एम.ई.ए. 2000 या नव्या पद्धतीत एकाच मुख्य तारेला सगळी यंत्रं फांद्यांसारखी जोडतात आणि दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक रोध लावतात. तो नसेल तर संदेश टोकावर आपटून परत येतो आणि गोंगाट होतो, रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो तसा. रडारचं चित्र मात्र फार जड, त्याला बहुधा वेगळी केबल असते. बाकी 12 व्होल्टची बॅटरी, तिच्याजवळच फ्यूज, आणि जीपीएसचा अँटेना रडारच्या झोताबाहेर, एवढं सांगितलं तरी पुरे.

तारांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती आकडे वाचण्याची. सोलापूरचा अक्षांश साधारण 17 अंश 40 मिनिटं. हेच कोणी वायरलेसवर घाईत "सतरा पॉइंट चाळीस" असं सांगितलं तर? 17.40 अंश म्हणजे 17 अंश 24 मिनिटं. फरक 16 मिनिटांचा. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, 1852 मीटर. म्हणजे मदत करणारे जवळजवळ 30 किलोमीटर भलत्याच ठिकाणी शोधत राहतील. अंश, मिनिट, दशांश अपूर्णांक हे गणितातले रुक्ष प्रकरण वाटतं ना? ते या उदाहरणावर शिकवून बघा.

कोकणातल्या मच्छीमारांसाठी हे रोजचं आहे. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर इथे नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. टप्प्याटप्प्याने एक लाख नौकांवर ते बसवायचं ठरलं. त्यातून तांडेलाला संकटाचा संदेश पाठवता येतो, वादळाचा इशारा मिळतो आणि सागरी सीमा जवळ आली की सूचना मिळते. डहाणू-पालघरकडच्या ज्या घरांतली माणसं सीमा ओलांडली म्हणून पाकिस्तानात अडकली, त्यांना या सूचनेची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

आता आपली उजनी. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला निघालेली नाव जोरदार वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन लहानगी होती. एक जण पोहून काठाला आला.

मुलं विचारतील, "त्या नावेवर रडार-जीपीएस असतं तर?" उत्तर खरं द्या. त्यांनी फारसा फरक पडला नसता. दोन काठांमधल्या त्या नावेला आपण कुठे आहोत हा प्रश्न नव्हता. नावेवरचं रडार लोखंड, खडक, जोराचा पाऊस बघतं. कोरडा वारा त्याला दिसत नाही. पावसाचे थेंब किंवा ढग असतील तर मोठी हवामान रडारं त्यांचा वेग मोजून वाऱ्याचा अंदाज देतात. असं डॉप्लर रडार सोलापूरने पाहिलं आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2018 आणि 2019 च्या पावसाळ्यात इथे 276 ढगांवर कृत्रिम पावसाचा प्रयोग केला, तेव्हा ढगांवर नजर ठेवायला ते वापरलं होतं.

करमाळा, माढा, इंदापूर भागातल्या शिक्षकांनी हा पाठ घेताना कुठूनतरी एक लाइफ जॅकेट मिळवून वर्गात आणावं, असं मी सुचवेन. अनेक मुलांनी ते फक्त टीव्हीवर पाहिलेलं असतं. घालायला लावा, बकल आणि पट्टे आवळायला लावा, मापाचं नसेल तर कानापर्यंत कसं वर सरकतं तेही बघू द्या. पाऊण तास जातो, पण दुसऱ्या दिवशी मुलं घरी मोठ्यांना विचारतात, आपल्या नावेत किती जॅकेटं आहेत?