समाजमाध्यमे आणि लघुउद्योजक : प्रेक्षकाकडून ग्राहकाकडे

'बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही पडून राहते' ही म्हण व्यापाराचे एक जुने मर्म सांगून जाते. माल कितीही उत्तम असला, तरी तो कोठे मिळतो हे ग्राहकाला कळल्याखेरीज त्याची विक्री होत नाही. पूर्वी हे काम आठवडी बाजार, दुकानावरील पाटी, दिवाळी अंकातील छोटी जाहिरात आणि समाधानी ग्राहकाने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे केलेली शिफारस यांच्याद्वारे होत असे. मोठ्या उद्योगसमूहांना वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी खुली होती. लघुउद्योजकाला मात्र तेथील दर परवडणारे नव्हते. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब आणि व्हॉट्सॲप या समाजमाध्यमांनी ही दरी पुष्कळ अंशी कमी केली आहे.

तथापि, साधन सहज हाती आले म्हणून ते सहज फलदायी होतेच असे नाही. पान उघडले, छायाचित्रे टाकली, हजारभर अनुयायीही मिळाले. परंतु गल्ल्यात भर पडली नाही, असा अनुभव अनेक व्यावसायिकांच्या वाट्याला येतो. याचे कारण बहुधा एकच असते. प्रेक्षक मिळविणे आणि ग्राहक जोडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याचे भान सुटलेले असते.

प्रसिद्धी आणि व्यवसाय

या संदर्भात दिल्लीच्या मालवीय नगर भागातील एका छोट्या ढाब्याचे उदाहरण बोलके आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाच्या काळात, ढाबा चालविणाऱ्या वृद्ध दांपत्याची व्यथा सांगणारी एक चित्रफीत समाजमाध्यमांवर देशभर पसरली. दुसऱ्याच दिवशी ढाब्यापुढे गर्दी लोटली. मदतीचा ओघ सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये नवे उपाहारगृहही उघडले गेले. परंतु उत्पन्नाच्या तुलनेत खर्च जड झाल्याने ते २०२१ च्या आरंभीच बंद करावे लागले व मूळ ढाब्याकडे परतणे भाग पडले.

ही प्रसिद्धी निरर्थक होती असे म्हणता येणार नाही. संकटकाळी तिने मोठा आधार दिला. मात्र सहानुभूतीने वा कुतूहलाने आलेली गर्दी ही नियमित मागणी नव्हे. अशा गर्दीच्या भरवशावर भाडे, पगार आणि कर्जाचे हप्ते यांसारखे स्थिर खर्च अंगावर घेणे धोक्याचे ठरते. व्यवसाय उभा राहतो तो पुन्हा पुन्हा येणाऱ्या ग्राहकावर.

आधी ग्राहक, मग माध्यम

म्हणून 'कोणत्या माध्यमावर जावे?' या प्रश्नापूर्वी 'आपला माल कोण घेईल?' हा प्रश्न विचारावयास हवा. समजा, इंदूर येथील एक गृहउद्योजिका दिवाळीचा फराळ आणि भाजणी तयार करून विकते. इंदूर हे शेव व नमकीन यांसाठी नावाजलेले शहर. तेथे शेव विकणारे पुष्कळ असल्याने तिच्या भाजणीच्या चकलीला आणि अनारशांनाच स्वतंत्र स्थान मिळण्याची शक्यता अधिक.

या मालाला दोन प्रकारचे ग्राहक संभवतात. एक, शहरातील मराठी कुटुंबे. चकली म्हणजे काय हे त्यांना सांगावे लागत नाही. ती घरच्यासारखी आहे का, एवढेच त्यांना जाणून घ्यावयाचे असते. दुसरा वर्ग अन्य भाषिक खवय्यांचा. भाजणीत कोणती धान्ये असतात, अनारशाला दिवस का लागतात, हे त्यांना समजावून द्यावे लागेल. पहिल्या वर्गासाठी मराठी मंडळांचे व गृहसंकुलांचे व्हॉट्सॲप गट उपयुक्त ठरतील, अर्थात गटचालकाची अनुमती घेऊनच. दुसऱ्या वर्गासाठी हिंदीतील एक-दोन मिनिटांच्या चित्रफिती अधिक परिणामकारक होतील. माल एकच, परंतु भाषा, मजकूर आणि माध्यम मात्र वेगवेगळे.

सर्वच माध्यमांवर एकाच वेळी हजेरी लावण्याचा अट्टहास लघुउद्योजकाने टाळावा. एकहाती चालणाऱ्या व्यवसायात वेळ हेही भांडवलच असते. एक-दोन माध्यमे निवडून तेथे नियमितपणा राखणे श्रेयस्कर. एका दिवसात दहा छायाचित्रे टाकून महिनाभर मौन पाळण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा ठरावीक दिवशी काही सांगणे कधीही उत्तम.

काय सांगावे?

प्रत्येक वेळी 'घ्या, घ्या' असा घोष केल्यास प्रेक्षक कंटाळतो. २०१५ मध्ये बंगळुरूतील दोन मैत्रिणींनी वर्षभरात शंभर वेळा साडी नेसण्याचा संकल्प करून तो समाजमाध्यमांवर मांडला. त्यात सहभागी झालेल्या स्त्रियांनी साड्यांच्या छायाचित्रांसोबत त्या साड्यांच्या आठवणी लिहिल्या. कोणी आईची साडी नेसली, कोणी लग्नातील. त्या उपक्रमात विक्रीचा आग्रह नव्हता. तरीही साडी या विषयाकडे आणि हातमागाकडे अनेकांचे लक्ष नव्याने वेधले गेले. वस्तूमागील गोष्ट लोकांना बांधून ठेवते, हाच यातील धडा.

आपल्या उदाहरणातील उद्योजिकेने भाजणी भाजतानाची चित्रफीत, चकली मोडण्यामागील कारणे, फराळ खुसखुशीत राहण्यासाठी तो कसा साठवावा, असे विषय घ्यावेत. मात्र गोष्टीच्या ओघात व्यवहाराची माहिती निसटता कामा नये. वजन, किंमत, टिकण्याचा कालावधी, मागणी नोंदविण्याची अंतिम तारीख आणि घरपोच सेवेचा परिसर या पाच बाबी प्रत्येक वेळी स्पष्ट लिहाव्यात. 'किंमत व्यक्तिगत संदेशात विचारा' असे लिहिल्याने उत्सुकता वाढण्याऐवजी अनेक गंभीर ग्राहक मागे फिरतात.

समाजमाध्यम हा दुहेरी मार्ग आहे, हेही विसरून चालणार नाही. ग्राहकाच्या प्रश्नाला त्वरेने उत्तर द्यावे. तक्रार आल्यास ती पुसून टाकू नये. चूक मान्य करून भरपाई कशी केली जाईल ते तेथेच सौजन्याने लिहावे. तक्रार करणारा एक असतो. उत्तर वाचणारे अनेक असतात. भारतात जानेवारी २०१८ मध्ये उपलब्ध झालेल्या 'व्हॉट्सॲप बिझनेस'मध्ये वस्तूंची सूची, ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरे आणि ग्राहकांचे वर्गीकरण या सोयी आहेत. त्यांचा लाभ अवश्य घ्यावा.

जाहिरातीचा हिशेब

समाजमाध्यमांवर सशुल्क जाहिरातही करता येते. तिचे यश पसंतीच्या अंगठ्यांवर न मोजता वहीत मोजावे. पुढील आकडे केवळ विवेचनासाठी कल्पिलेले आहेत.

समजा, दिवाळीपूर्वी जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च झाले. त्यातून ६० जणांनी चौकशी केली आणि १५ जणांनी प्रत्येकी ६०० रुपयांची खरेदी केली. विक्री ९,००० रुपये झाली. वरवर पाहता खर्चाच्या तिप्पट. परंतु कच्चा माल, इंधन, वेष्टन आदी वजा जाता नफ्याचे प्रमाण २५ टक्के असेल, तर हाती राहिले २,२५० रुपये. म्हणजे जाहिरातीचा खर्च धरता ७५० रुपयांचा तोटाच झाला.

आता या १५ पैकी ६ ग्राहकांनी संक्रांतीला पुन्हा तेवढीच खरेदी केली, असे मानू. या वेळी जाहिरातीचा खर्च शून्य. नफा ९०० रुपये. आधीचा तोटा भरून निघाला आणि १५० रुपये शिल्लक राहिले. यापुढील प्रत्येक खरेदी शिलकीत भर घालील. यावरून स्पष्ट होते की जाहिरातीचा खरा परतावा पहिल्या विक्रीत नसून पुनर्खरेदीत असतो. म्हणूनच प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमची माहिती आपणांस कोठून मिळाली?' हा प्रश्न विचारून उत्तराची नोंद ठेवावी.

परक्या जागेवरील दुकान

येथे एका महत्त्वाच्या, परंतु नेहमी दुर्लक्षित राहणाऱ्या मुद्द्याकडे वळणे आवश्यक आहे. समाजमाध्यमावरील पान उद्योजकाचे असले, तरी ती जागा त्याच्या मालकीची नसते. एकेकाळी भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि त्यावर परिश्रमपूर्वक जमविलेला प्रेक्षकवर्ग अनेकांनी रातोरात गमावला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे एकाच वेळी सुमारे सहा तास ठप्प झाली होती. याखेरीज कोणता मजकूर किती जणांपर्यंत पोहोचवावयाचा, हे त्या त्या कंपनीची संगणकप्रणाली ठरविते.

यावरील उपाय साधा आहे : ग्राहकांची स्वतःची नोंदवही. ग्राहकाचे नाव, दूरध्वनी क्रमांक, केलेली खरेदी आणि तारीख एवढी माहिती कागदी वहीत किंवा संगणकावर ठेवावी व तिची एक प्रत वेगळी जपावी. ग्राहकालाही आपला क्रमांक जतन करण्याची विनंती करावी. कारण व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीतील संदेश ज्यांनी तो क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच पोहोचतात. नोंद घेताना ग्राहकाची संमती अवश्य घ्यावी आणि ती माहिती अन्य कोणास देऊ नये. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला आहे, याचेही स्मरण असावे. माध्यम बदलले तरी ही वही आपलीच राहते.

विश्वास आणि सुरक्षितता

बँकिंगप्रमाणेच व्यापारातही पत हेच खरे भांडवल. पैसे देऊन अनुयायी वाढविणे वा खोटे अभिप्राय लिहवून घेणे म्हणजे ही पत स्वतःच्या हातांनी घालविणे होय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. मोबदला देऊन एखाद्या लोकप्रिय व्यक्तीकडून शिफारस करवून घेतल्यास ती जाहिरात असल्याचे स्पष्ट नमूद होणे आवश्यक आहे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याने अन्न सुरक्षा कायद्यानुसार नोंदणी करणेही अगत्याचे आहे.

प्रेक्षक वाढला की फसविणारेही जवळ येतात. मोठी मागणी नोंदविण्याचा बहाणा करून 'आगाऊ रक्कम स्वीकारण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगणारा दूरध्वनी आल्यास तात्काळ सावध व्हावे. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही द्यावा लागत नाही. पिन दिला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेला कळवावे. समाजमाध्यमाच्या खात्याला दुहेरी पडताळणीचे संरक्षण द्यावे आणि मदतनीस काम सोडून गेल्यास परवलीचा शब्द बदलावा.

व्यवसायाची जमा स्वतंत्र चालू खात्यात घेण्याची सवयही लावून घ्यावी. घरखर्चात मिसळलेली विक्री कोणालाच दिसत नाही. स्वतंत्र खात्यातील नियमित उलाढाल मात्र पुढे कर्जाच्या अर्जाच्या वेळी व्यवसायाची साक्ष देते. पानावरील अनुयायांची संख्या हे काम करू शकत नाही.

सारांश, समाजमाध्यम हे ग्राहकाला उंबरठ्यापर्यंत आणून सोडणारे साधन आहे. त्याने आत यावे, समाधानाने परतावे आणि पुढच्या सणाला पुन्हा यावे, ही जबाबदारी मालाच्या गुणवत्तेची, वेळेच्या वक्तशीरपणाची आणि सचोटीची. 'थेंबे थेंबे तळे साचे' या न्यायाने जोडलेला एकेक ग्राहक वहीत उतरत गेला, तर कोणतेही माध्यम उद्या बंद पडले तरी दुकानाचे दार उघडेच राहील.