घाटात मागे पडतो, ब्रेव्हे झेपेल का?

प्रश्न : वय ४६, बँकेत नोकरी. सोलापुरातल्या सायकल क्लबबरोबर रविवारी तुळजापूरला जातो. घाटात कायम मागे पडतो. २०० किलोमीटरची ब्रेव्हे जमेल?

उत्तर : नक्की जमेल. ब्रेव्हे ही शर्यत नाही, ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी १५ किलोमीटर पुरे. दमछाक घाटात होत असली, तरी तिचं मूळ बहुधा आधीच्या सपाट रस्त्यावर असतं. पुढच्यांना गाठायच्या नादात तिथे जड गिअर रेटू नका. बोलता येईल इतकाच दम लागू द्या आणि चढ लागण्याआधीच हलका गिअर टाका.

उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पहाटे पाचलाच निघा. पाण्यात लिंबू, मीठ, साखर हवीच. पंक्चर झालं तर नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जपून बोट फिरवा. बाभळीच्या काट्याचं टोक आत राहिलं, तर नवी ट्यूबही लगेच पंक्चर होते.

आणि क्लबात स्पष्ट बोला. शेवटच्या माणसासोबत एक जण राहिलाच पाहिजे. हे मागणं कमीपणाचं नाही, तुमच्या हक्काचं आहे.