प्रॉक्सी आणि वहनातील दोष

संगणकांच्या जाळ्यात मागणी करणारा ग्राहक आणि उत्तर देणारा मूळ सर्व्हर यांच्यामध्ये पुष्कळदा एक मध्यस्थ असतो. त्यास प्रॉक्सी म्हणतात. मध्यस्थापलीकडचा मार्ग ग्राहकाला दिसत नाही. म्हणून त्या मार्गावर काय बिघडले हे यथातथ्य कळविणे, हे प्रॉक्सीचे एक प्रमुख कर्तव्य होय.

प्रथम दोषांचा भेद पाहू. सर्व्हरने जोडणी नाकारली, किंवा पूर्ण उत्तर येण्यापूर्वीच ती तुटली, तर प्रॉक्सीने सामान्यतः ५०२ हा स्थितिअंक द्यावा. मुदतीत जोडणी झाली नाही अथवा उत्तर आले नाही, तर ५०४ द्यावा. केवळ अंकावरून नेमके कारण उमगत नाही. याकरिता जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९२०९ या मानकाने ‘प्रॉक्सी-स्टेटस’ हे शीर्षक-क्षेत्र ठरवून दिले आहे. कोणत्या मध्यस्थाला कोणता दोष आढळला, हे त्यात नोंदविता येते. मात्र अंतर्गत जाळ्याची रचना परक्यांस उघड होईल इतका तपशील त्यात देऊ नये.

दुसरा प्रश्न असा की, दोष आढळताच मागणी पुन्हा पाठवावी काय? समजा, मागणी पैसे पाठविण्याची आहे. सर्व्हरने रक्कम वळती केली, पण उत्तर वाटेतच हरवले. येथे मुदत संपली म्हणजे काम झाले नाही, असे मुळीच नव्हे. मागणी पुन्हा धाडल्यास रक्कम दोनदा जाईल. ‘गेट’सारखी मागणी एकदा केली काय किंवा दहादा केली काय, तिचा अभिप्रेत परिणाम एकच असतो, ‘पोस्ट’ची तशी हमी नसते. म्हणून अशी मागणी प्रॉक्सीने आपण होऊन पुन्हा पाठवू नये, असा आरएफसी ९११० चा स्पष्ट दंडक आहे.

तिसरा प्रसंग सर्वांत फसवा आहे. यशाचा २०० हा अंक व अर्धा मजकूर ग्राहकाकडे पोहोचल्यावर जोडणी तुटली, तर दिलेला अंक मागे घेता येत नाही. मजकूर खंडशः जात असेल, तर समाप्तीचा शून्य लांबीचा खंड प्रॉक्सीने पाठवू नये, एचटीटीपी १.१ मध्ये ग्राहकाची जोडणी बंद करावी व एचटीटीपी २ मध्ये तेवढा प्रवाह रद्द करावा. समाप्तीची खूण दिल्यास अपुरा वैद्यकीय अहवालही ग्राहक पूर्ण समजून जपून ठेवील. उघड झालेल्या दोषावर उपाय करता येतो; झाकलेला दोष मात्र ग्राहकाच्या संग्रही सत्य म्हणून राहतो.