पंपघरातील माहितीफलक : आलेख हलका, पण खरा

पाणीपुरवठा योजनांच्या पंपघरांतून जलवाहिनीतील दाब व टाकीची पातळी आलेखरूपाने दाखविणारे डॅशबोर्ड, म्हणजेच माहितीफलक, आता दिसू लागले आहेत. त्यामागील संगणक बहुधा लहान, पंख्याविना चालणारा व अल्प शक्तीचा असतो. धुळीत व उष्णतेत तो टिकतो. परंतु आलेखाचा भार वाढताच पडदा अडखळू लागतो. अशा वेळी यंत्र बदलण्यापूर्वी कारण समजून घेणे इष्ट ठरेल.

दर सेकंदाला एक नोंद घेतल्यास दिवसाकाठी ८६,४०० नोंदी जमतात. पडदा ८०० बिंदू रुंद असेल, तर प्रत्येक उभ्या ओळीच्या वाट्याला १०८ नोंदी येतात. त्या सर्व रेखाटण्यात यंत्र शिणते. पाहणाऱ्यास मात्र अधिक काही दिसत नाही.

यावर सरासरीचा उपाय सहज सुचतो. पण तो फसवा आहे. वीज जाऊन पंप एकाएकी थांबला किंवा झडप झटकन बंद झाली, तर वाहिनीस दाबाचा हादरा बसतो. १०७ नोंदी ४ बारच्या व एकच १२ बारची असल्यास सरासरी येते अवघी ४.०७ बार. वाहिनीस घातक ठरू शकणारा हादरा आलेखातून नाहीसा होतो! म्हणून प्रत्येक गटातील किमान व कमाल या दोन्ही नोंदी त्यांच्या मूळ क्रमाने ठेवाव्यात. १,६०० बिंदूंत काम भागते आणि हादराही दिसतो.

आइसलँड विद्यापीठातील स्वेन स्टाइनार्सन यांनी २०१३ साली आपल्या प्रबंधात मांडलेली त्रिकोणपद्धतीही प्रचलित आहे. गटातील जो बिंदू शेजारच्या गटांशी सर्वांत मोठा त्रिकोण साधतो, तोच तीत निवडला जातो. आलेखाचा आकार त्यामुळे चांगला राहतो. तथापि गटागणिक एकच बिंदू उरत असल्याने प्रत्येक टोक राखले जाईलच असे नाही.

आणखी काही पथ्ये पाळावीत. मिनिटागणिक किमान-कमाल आकडे नोंदी येतानाच काढून ठेवावेत. आलेख दर सेकंदास न काढता काही सेकंदांनी काढावा. शोभेच्या हालचाली बंद ठेवाव्यात. मूळ नोंदी मात्र जपाव्यात आणि धोक्याची सूचना त्यांवरूनच दिली जावी.

नवी यंत्रसामग्री मंजूर करण्यापूर्वी पंचायत सदस्यांनी पुरवठादारास एवढेच विचारावे : एका सेकंदाचा हादरा दिवसाच्या आलेखात दिसेल काय? शिक्षकांना हाच धडा वर्गात साध्या आलेख कागदावर देता येईल.