खूण जुळल्याशिवाय सेल्फ नाही

मारुती 800 चं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं, पण लातूर-नांदेड पट्ट्यात या गाड्या आजही दिसतात. आजोबांची अशीच एक 800 लातूरला पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या भाचीकडे आली. तिचे मामा नांदेडच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवायचे. गाडीचा टायमिंग बेल्ट घरीच बदलायचं तिने ठरवलं आणि चाकूर, अहमदपूर, लोहा करत ती गाडी घेऊन मामांच्या अंगणात आली.

भाची: मामा, गाडी चाळीस हजारच पळालीय. आजोबा शेतापुरती अन् बाजारापुरतीच काढायचे. मग बेल्ट आत्ताच कामून बदलायचा?

मामा: बेल्ट शेवटचा कधी बदलला, त्याची पावती आहे?

भाची: नाही.

मामा: मग बदलायचाच. रबर नुसत्या चालण्यानं झिजत नसतं माय, उभ्या उभ्याही म्हातारं होतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसापर्यंत जातो, त्यात गाडी उन्हात उभी. कंपन्या किलोमीटर सांगतात, तशीच वर्षंही सांगतात. दोन्हींतलं जे आधी भरेल ते खरं. ज्या बेल्टचं वय कळत नाही, तो म्हातारा धरायचा.

भाची: पण बेल्ट नेमकं करतो काय? कॉलेजात आकृती काढलीय, तरी डोक्यात बसलं नाही.

मामा: मळणीयंत्राचा पट्टा बघितलास ना? सोयाबीनचा भार वाढला की घसरतो. यंत्र जरा मंदावतं, बाकी काही बिघडत नाही. टायमिंग बेल्टला ती मुभा नाही, म्हणून त्याला आतून दाते असतात. खाली क्रँकशाफ्ट, त्यावर पिस्टन वर-खाली होतात. वर कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एकच व्हायचा. म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे मारतंय म्हण. कॅमचे झाले 1500. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पंचवीस वेळा उघडतो अन् मिटतो, तेही पिस्टन कुठं आहे त्याच्या हिशोबानं. हा सगळा मेळ त्या बोटाएवढ्या रुंद पट्टीवर.

भाची: मोटारीसाठीच काढलेली युक्ती दिसते.

मामा: नाही. असा दात्यांचा पट्टा अमेरिकेत 1940 च्या दशकात शिलाई मशीनसाठी निघाला. वरची सुई अन् खालचा हूक एका तालात चालायला हवेत ना! मोठ्या संख्येनं बनणाऱ्या मोटारीत तो आला 1962 ला, जर्मनीच्या ग्लास कंपनीच्या छोट्या गाडीत. साखळीपेक्षा हलका, आवाज कमी, तेल लागत नाही. आता मारुतीच्या के10 सारख्या इंजिनांना परत साखळी आली, ती गोष्ट वेगळी.

भाची: अन् चालत्या गाडीत तुटला तर?

मामा: कॅम जागच्या जागी थांबतो. काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात. गाडीचा वेग मात्र गिअरमधून क्रँकला फिरवतच असतो. ज्या इंजिनात जागा कमी, तिथं पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकले की हेड उतरवावं लागतं. काही पेट्रोल इंजिनांत मधे फट राहते, नुकसान होत नाही. पण काम करताना आदळतातच असं धरून हात चालवायचा. वाटेतल्या माळेगावच्या माळावर गाडी अशी अचानक बंद पडली, तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारायचा नाही, धक्का मारून चालू करायची नाही. टो करून आणायची.

भाची: मग सुरुवात कुठून?

मामा: इंजिन पूर्ण गार. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ. मागच्या चाकांना उट्या लाव, बेल्टच्या बाजूचं पुढचं चाक उचल अन् खाली स्टँड दे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही, हे मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो. मग तिन्ही प्लग काढ.

भाची: प्लग कशाला?

मामा: आत हवा दाबली जात नाही, म्हणजे क्रँक हातानं सहज फिरतो अन् नेमका खुणेवर थांबवता येतो. नंतर फॅन बेल्ट, पुली, कव्हर. आता गोटी पाना लावून क्रँक फिरव, इंजिन ज्या दिशेला चालतं त्याच दिशेला. खालच्या चाकावरची खूण तेलपंपाच्या बाणासमोर आली का?

भाची: आली. पण वरची खूण तर भलतीकडेच!

मामा: घाबरू नको, इथंच बरेच जण बेल्ट उतरवून बसतात. क्रँकचे दोन फेरे, कॅमचा एक. म्हणून खालची खूण दरेक फेऱ्याला जुळते, वरची एकाआड एक. अजून एक पूर्ण फेरा दे.

भाची: जुळल्या दोन्ही!

मामा: आता मोबाइलवर फोटो काढ. मग टेन्शनर ढिला कर, बेल्ट उतरव. इथून पुढं कॅमला अन् क्रँकला वेगवेगळं फिरवायचं नाही. टेन्शनर हातानं फिरवून बघ. खरखर लागली तर तोही बदल. अन् ऑइल सील बघ. तेल झिरपत असेल तर नवा बेल्टही लवकर जाईल, तेलानं रबर फुगतं.

भाची: नवा बेल्ट तर मऊ आहे, घडी घालून आत घालू?

मामा: अजिबात नको. रबराच्या आत काचतंतूंचे दोर असतात. घडी घातली की तुटतात, बाहेरून काही दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरनं ढकलायचाही नाही. टेन्शनरच्या समोरची बाजू आधी ताठ बसव, ढिलाई सगळी टेन्शनरकडे येऊ दे. मग स्प्रिंगला तिचं काम करू दे. अन् आता या कामातलं सगळ्यात मोलाचं. क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरव.

भाची: दोनच का?

मामा: दोन फेऱ्यांनी कॅमचा एक फेरा होतो अन् दोन्ही खुणा परत आपापल्या जागी यायला हव्यात. फिरवताना मधेच टणक अडलं तर जोर लावायचा नाही. व्हॉल्व्हला पिस्टन टेकला असेल, थांबून पुन्हा बघायचं. हातानं टेकला तर काही वाकत नाही, सेल्फनं आदळला तर वाकतो. हे दोन फेरे चुकवणारा कितीही जुना मिस्त्री असो, मी त्याच्या हातात गाडी देणार नाही.

भाची: दोन झाले. वरची खूण एका दातानं मागं दिसतेय.

मामा: मग उतरवायचा अन् परत बसवायचा. एका दातानं गाडी चालू होईल, पण ओढणार नाही, उभी असताना थरथरेल, पेट्रोल जास्त खाईल. अन् तू कार्ब्युरेटर साफ करत बसशील. जुळल्यावर टेन्शनरचा बोल्ट टॉर्क पान्यानं आवळ, मॅन्युअलमधल्या आकड्याएवढाच. मग कव्हर, पुली, फॅन बेल्ट, प्लग. अन् सगळं लागल्यावरच चावी.

भाची: हे जमलं तर शेजारच्या काकांची डिझेल इंडिका पण करू का? त्यांचा बेल्ट बाकी आहे.

मामा: ती नको. 800 मध्ये हवा साधारण नऊ पट दाबली जाते, जुन्या डिझेलमध्ये वीस-बावीस पट. म्हणजे पिस्टन अन् व्हॉल्व्हमध्ये जागा जवळजवळ नाहीच. त्यात अशा इंजिनांचा डिझेल पंपही बहुतेक त्याच बेल्टवर फिरतो, तोही टायमिंगला मिळवावा लागतो. त्याला चाकं जागेवर अडकवून ठेवणाऱ्या पिना लागतात. त्या ज्याच्याकडे आहेत, अशा गॅरेजला काकांना पाठव. तू सोबत जा, अन् तो मिस्त्री सेल्फच्या आधी हातानं दोन फेरे देतो का ते बघ.