आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्यांसाठी

ठाण्यात राहून टेंभी नाका ठाऊक नाही असा माणूस विरळाच. १९७८ साली आनंद दिघे यांनी येथे नवरात्रोत्सव सुरू केला. दरवर्षी कळव्याहून देवीची मिरवणूक वाजतगाजत नाक्यावर येते आणि पुढचे नऊ दिवस रस्त्यात पाय ठेवायला जागा नसते. आमची चाळ तेथून चालत सात मिनिटांवर. तरीही माझ्या आईला सलग चार वर्षे देवीचे दर्शन घडले नव्हते. कारण अगदी साधे होते. घरात आजी होती, आणि आजीला एकटे सोडता येत नव्हते.

आजीला स्मृतिभ्रंश झाला आहे. वृद्धांच्या आजारांवर पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्यांची शुश्रूषा करणाऱ्याचा विचार आपल्याकडे कितपत झाला आहे, हा प्रश्न मला आईकडे पाहून पडला. म्हणून थोडे वाचन केले, चार माणसांना भेटले. त्यातून जे हाती आले ते येथे मांडते.

पहिली अडचण शब्दाची. अशा माणसाला अलीकडे ‘काळजीवाहक’ म्हणतात. तो शब्द ऐकला की मला काळजीवाहू मंत्रिमंडळ आठवते. पण त्या मंत्रिमंडळाची मुदत निवडणुकीने संपते, आईची कशाने संपणार? ‘शुश्रूषा’ हा शब्द जुना आहे, ‘परिचारिका’ही आहे, मात्र ती रुग्णालयातली. घरात हेच काम करणारीला वेगळे नाव नाही, कारण ती सून, बायको किंवा मुलगी असे आणि ते तिचे कर्तव्यच समजले जाई. ‘समजले जाई’ हा भूतकाळ मी सवयीने लिहून गेले. आजही तसेच आहे.

घरच्या माणसांनाही आधार लागतो, हा विचार आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या वाटेने आला असे दिसते. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यासक्त माणसांनी एकमेकांना सावरण्यासाठी ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ सुरू केले. त्यांपैकी एकाच्या पत्नी लोईस विल्सन यांनी १९५१ साली कुटुंबियांसाठी ‘अल-ॲनॉन’ ही वेगळी संघटना उभी केली. पिणारा नवरा सुधारला तरी त्याच्यामागे फरफटलेल्या बायकोचे दुःख शिल्लकच राहते, हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. पुण्यात १९८६ साली डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथे व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट चालू झाला. मुक्तांगणाशी आरंभापासून निगडित असलेले मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आमच्या ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था स्थापन केली. तेथेही रुग्णांचे आणि नातेवाइकांचे आधारगट आहेत. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. रोग्याला दाखल करण्याची सोय आधी झाली, घरच्यांना जवळ बसवून बोलते करणारी संस्था त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी आली.

आधारगटात उपदेश नसतो. ज्याने त्याने आपले सांगायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. यात औषध ते कोणते, असे मला वाटे. एकदा आईला मी अशा एका बैठकीला घेऊन गेले. आई गप्पच बसली होती. एका बाईंनी सांगितले की, त्यांचे आजारी पती त्यांनाच चोर म्हणतात. ते ऐकताच आईला रडू फुटले. आजीही आईला हेच म्हणत असे, आणि आईने ते घरात कुणालाही कळू दिले नव्हते. बाबांनाही नाही.

पुढच्या बैठकीला मात्र आई गेली नाही. माझी परीक्षा होती; मग आजीजवळ बसणार कोण? आधारगटाला जायलाही आधी आधार लागतो. माझ्या मते खरी अडचण येथे आहे.

दोन वर्षांपूर्वी, नवरात्रातच, आजी संध्याकाळी दार उघडून निघून गेली. त्या गर्दीत तिला शोधायचे कुठे? मंडपातील ध्वनिक्षेपकावरून तिच्या लुगड्याचा रंग सांगितला गेला, मंडळाची मुले गल्ल्यागल्ल्यांतून धावली आणि पाऊण तासात आजी एका चहाच्या टपरीवर बसलेली सापडली. टपरीवाल्याने तिला बिस्किटे दिली होती. पुढे सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ हा चित्रपट पाहिला. त्यात स्मृतिभ्रंश झालेले विद्वान शास्त्री हत्तीच्या मागे निघून जातात आणि माहुताची बायको त्यांना मायेने सांभाळते. मला तो टपरीवाला आठवला.

मंडळाजवळ माणसे आहेत, मंडप आहे, कुठल्या खोलीत कोण राहते याची माहिती आहे. केरळात याच भांडवलावर मोठे काम उभे राहिले. मलप्पुरम आणि आसपासच्या जिल्ह्यांत शेजारपाजारच्या स्वयंसेवकांना थोडे शिक्षण दिले जाते. ते आठवड्यातून किमान दोन तास अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी देतात, आणि त्यांच्यामागे परिचारिका व डॉक्टर असतात. त्याच राज्यात अशा रुग्णांना सांभाळणाऱ्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ योजनेखाली दरमहा ६०० रुपये ठरविण्यात आले. रक्कम तुटपुंजी आहे. पण हे काम आहे, एवढे तरी तिने मान्य केले. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही, ज्यांना जास्त मदत लागते अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. मात्र त्याला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ अशी शेपटी जोडलेली आहे. मनावरचा ताण असह्य झाला तर २०२२ पासून १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत दूरध्वनी आहे. तो घरच्या माणसांनीही करावा, हे पुष्कळांना माहीत नसते.

हे सर्व मी मंडळाच्या एका कार्यकर्त्या दादांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “ताई, पोरं येतील गं. पण आजींना मोरीत न्यायचं झालं तर माझी पोरं काय करणार?” प्रश्न बिनतोड होता. बायका पुढे आल्याशिवाय आणि कुणी शिकविल्याशिवाय ते जमणार नाही. मी घरी येऊन आईलाच विचारले, मुलांनी तुझे कोणते काम करावे? मला वाटले होते, ती देवीच्या दर्शनाचे नाव काढील. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “सरकारी दवाखान्यात कागदांसाठी रांगेत उभं राहणारं कुणी मिळालं, तरी माझी अख्खी सकाळ वाचेल.”